पॅरिसच्या रॅम्पवर आईचा गाऊन

माझी धाकटी बहीण पॅरिसमध्ये बायकांचे कपडे डिझाइन करते, हे मी ऑफिसात बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी भिलाईजवळ रसमड्याच्या एका फॅक्टरीत बिलांचं काम बघते. तिथे सळया आणि पत्रे सोडून दुसरं बोलणं फारसं होत नाही. एकदा बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, तर शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "मतलब टेलर है?" मी हो म्हटलं आणि विषय संपवला.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. घरात तिला सगळे लहानी म्हणतात आणि मला मोठी. लहानी दिल्लीत शिकली, मग शिष्यवृत्ती मिळवून तिकडे गेली, आणि दुसऱ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं बाह्या नि कॉलरी काढत राहिली. तिचं नाव कुठे छापून येत नसे. फोनवर विचारलं, काय चाललंय, तर म्हणायची, "ताई, सध्या फक्त खिसे."

बाबा गेले त्याला दोनेक वर्षं झाली असतील. एका दुपारी तिचा फोन आला. मी ऑफिसच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभी होते आणि मागून ट्रक जात होते, त्यामुळे तिचं बोलणं मला दोनदा विचारावं लागलं. पॅरिसमधल्या एका फार जुन्या फॅशन हाऊसने तिला बोलावलं होतं. खिशांसाठी नाही. बायकांच्या सगळ्या कपड्यांची मुख्य डिझायनर म्हणून.

चहा हातातच राहिला.

ते घराणं म्हणजे काय, हे मला तिने आधी कधीतरी सांगितलं होतं. राण्या, नट्या, बड्या घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथून कपडे शिवून घेत आलेल्या. त्यांची ओळख म्हणजे एक करडा कोट. खांदे ताठ, कंबर आवळलेली, मोत्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. "त्या कोटात वाकता येत नाही ताई," ती म्हणाली होती. "खाली काही पडलं तर उचलून द्यायला दुसरं कुणीतरी लागतं. तोच तर त्याचा थाट आहे." गेली काही वर्षं मात्र त्या थाटाकडे तरुण बायका फिरकत नव्हत्या. मालकांना सगळं नवं करून हवं होतं, आणि ते करायला त्यांनी भिलाईची मुलगी निवडली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मतलब मॅनेजर झाली का?" तिने विचारलं.

"मॅनेजरच्याही वर."

आईने हातातली जुडी खाली ठेवली. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे असते तं आज साऱ्या प्लांटले पेढे वाटले असते."

बाबा तरुणपणी वर्ध्याकडून इथे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडून त्यांनी भिलाई-३ ला हे छोटं घर बांधलं. चरोद्याच्या रेल्वे यार्डात डबे एकमेकांवर आदळतात तो आवाज इथे ऐकू येतो. पाहुणे दचकतात, आम्हाला तो ऐकूही येत नाही.

डिसेंबरात लहानी सुट्टीवर आली. नवं काम सुरू करण्याआधी थोडे दिवस घरी राहते म्हणाली. मला वाटलं, कुठे फिरेल, रायपूरला कोसा रेशीम बघायला जाईल, विणकरांना भेटेल. तिने काहीच केलं नाही. सकाळी शाल गुंडाळून पायरीवर बसायची आणि चहा घेता घेता आईकडे बघत राहायची.

आमची आई घरात गाऊन घालते. दुपारी जरा पाठ टेकायची झाली तरी गाऊन, भाजीवाला आला तरी गाऊन. फक्त फाटकाबाहेर जायचं असेल तर खांद्यावर टॉवेल घ्यायचा, की झाली तयारी. हे गाऊन ती स्वतः शिवते. कापड सुपेल्याच्या बाजारातलं, छातीवर चुण्या, पायघोळ, आणि डाव्या बाजूला एक भलामोठा खिसा. आई डावखुरी आहे, म्हणून खिसा डावीकडे. किल्ल्या, रुमाल, गुडघ्याच्या गोळ्या, सगळं त्यात. थंडीत गाऊनवर बाबांचं हिरवं स्वेटर, कानाला मफलर, आणि पायात मोजे घालून वर चप्पल. अंगठ्यापाशी मोजा चपलेच्या पट्ट्यात अडकून चिमटलेला. अशी ती सकाळी धुक्यात फाटकापाशी दूध घ्यायला उभी राहते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच दिसतात. त्यात बघण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

लहानीने एकदा फोन काढून तिचा फोटो घेतला, तशी आई वैतागली. "अवो, गाऊनवर कावून फोटो काढून राहिली? थांब, साडी नेसू दे आधी."

"राहू दे ना आई. मस्त दिसतेयस."

"मस्त कायची! बावळी दिसतो मी."

लहानी हसली. फोटो काढतच राहिली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. परदेशात राहणाऱ्या मुली घरी येतात तेव्हा कशाचेही फोटो काढतात.

मार्चच्या सुरुवातीला तिचा पहिला शो होता. तिथे दुपार, इथे संध्याकाळ. इंटरनेटवर थेट दिसणार होता आणि तो टीव्हीवर कसा लावायचा हे तिने मला फोनवर शिकवून ठेवलं होतं. आईने आठवडाभर आधीपासून तयारी केली. मराठी मंडळातल्या बायकांना बोलावलं, समोरच्या काकूंना बोलावलं. काकूंचे यजमान रेल्वेत होते, त्यांच्याकडून जास्तीच्या खुर्च्या आल्या. चिवडा केला, पेढे आणले. आई जांभळी पैठणी नेसून, नथ घालून मधल्या खुर्चीवर बसली. मी तिला कितीतरी दिवसांत इतकी खूष पाहिली नव्हती. काकू म्हणाल्या, "आज तं नवरदेवाची माय दिसून राहिल्या तुमी." सगळ्या हसल्या.

टीव्हीवर एक लांबच लांब दालन दिसलं. दोन्हीकडे आरसे, वर झुंबरं, खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतली माणसं. समोर रुंद संगमरवरी जिना होता. वर्षानुवर्षं त्या घराण्याच्या मॉडेल जिन्यावरूनच उतरतात, असं लहानीने सांगितलं होतं. आम्ही सगळ्या जिन्याकडे डोळे लावून बसलो.

जिन्यावरून कुणी उतरलं नाही. बाजूचं एक साधं दार उघडलं आणि एक उंच, गोरी मुलगी बाहेर आली. दूध आलं की नाही ते पाहायला यावं तशी.

तिच्या अंगात गाऊन होता.

बारीक फुलांचा, छातीवर चुण्या असलेला, पायघोळ. कापड रेशमी असावं, दिव्यांत ते पाण्यासारखं हलत होतं. पण गाऊनच होता. खांद्यावर टॉवेलसारखी दुमडलेली पट्टी. पायात मोजे, आणि मोज्यांवर चप्पल. चपलेच्या पट्ट्यात मोजा अंगठ्यापाशी चिमटलेला.

कुणाच्या तरी दाताखाली चिवडा वाजला तेवढाच आवाज.

"हा तं गाऊन आहे," शेवटी काकू म्हणाल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरी मुलगी आली, तिच्याही अंगात गाऊन. तिसरीने गाऊनवर त्या घराण्याचा करडा कोट घेतला होता. पण त्याची कंबर उसवून सैल केलेली, ताठ खांदे काढून टाकलेले, आणि मोत्याची बटणं सगळी उघडी. थंडीत कुणाचाही कोट ओढून अंगावर घ्यावा तसा तो तिच्या अंगावर होता. त्या कोटात आता बाई खुशाल वाकू शकली असती. मी आईकडे पाहिलं नाही. मला पाहवेना.

तेवढ्यात काकू पुढे वाकल्या. "अवो, खिसा पाहा. डाव्या हाताले आहे. तुमच्याच गाऊनचा खिसा असा असते न?"

आईच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं. ते काढून घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं. साऱ्या जगासमोर, मंडळाच्या बायकांसमोर, नथ घालून बसलेल्या माझ्या आईला तिच्या मुलीने गाऊनवर उभं केलं होतं. टीव्ही बंद करावा तर रिमोट कुणाच्या तरी बशीखाली गेला होता.

आणि मग ते स्वेटर आलं.

गडद हिरवं, पुरुषी, बाह्या लांब. त्याचं उजवं कोपर तपकिरी लोकरीचं होतं. घरातलं मूळ स्वेटर आईने लग्नानंतर बाबांसाठी विणलं होतं, आणि उजवं कोपर झिजलं तेव्हा तसली हिरवी लोकर मिळेना म्हणून तपकिरी घातली होती. बाबा टेबलावर उजव्या कोपराचा भार देऊन लिहीत. तिकडे, झुंबरांखाली, एक सोनेरी केसांची मुलगी ते कोपर हलवत चालत होती.

आई उठली. पैठणीची सळसळ सगळ्यांना ऐकू गेली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला.

बायका एकेक करून निघाल्या. कुणी "छान झालं हं" म्हणालं, कुणी नुसतं माझ्या पाठीवर हात ठेवला. बशांमध्ये चिवडा अर्धा अर्धा उरला होता. टीव्हीवर शो संपला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. तिथेही टाळ्या लगेच आल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. मग तुरळक टाळ्या, मग थोड्या जास्त. लहानी दारातून क्षणभर बाहेर आली, जीन्स घातलेली, केस विस्कटलेले, हात जोडले आणि आत गेली.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "ताई, पाहिलं? आई कुठे आहे? आईला दे ना."

मी दारावर टकटक केली. आतून आई म्हणाली, "सांग तिले, झोपली म्हून."

"आई झोपलीय," मी सांगितलं. लहानीला कळलं असावं. एवढ्या लवकर आमच्या घरात कुणी झोपत नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आईने सकाळचं फिरणं सोडलं. रायपूरच्या एका हिंदी पेपरचा माणूस फोटो घ्यायला आला, त्याला तिने पडद्याआडूनच परत पाठवलं. भाजीवाल्याने गमतीने विचारलं, "आंटी, गाऊन पेरिस पहुँच गया?" तर तिने त्याच्याकडून भाजी घेणंच बंद केलं. घरात दिवसभर साडी नेसून वावरायला लागली. उकाड्यात, स्वयंपाकघरात, कमरेला पदर खोचून. मी काही म्हटलं की म्हणे, "तुले काय करायचं?"

तिकडे लहानीचीही दैना होती. जुन्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या होत्या. त्या घराण्याची तिने अब्रू घालवली, असं तिकडच्या पेपरांत लिहून येत होतं. फोनवर तिचा आवाज बसलेला असायचा. "ताई, इथे सगळे म्हणतायत मी त्यांचं घर बुडवलं. ठीक है, वो लोग तो बोलेंगे ही. पण मला वाटलं होतं, निदान घरी कुणीतरी..." आणि मग ती थांबायची. आईबद्दल विचारायची. आई फोनवर यायची नाही.

मला तिचा राग येत होता आणि कीवही. एका रविवारी दुपारी आई थंडीचे कपडे ट्रंकेत भरत होती. मी डांबराच्या गोळ्या सोडवून देत होते. म्हटलं, "आई, गाऊनचं एवढं काय मनाला लावून घेतलंस? सगळ्याच बायका घालतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. जणू मीच काही भलतं बोलले होते.

"गाऊनचं मले काय वाटन? हसतीन दोन दिस आन् विसरतीन. त्या स्वेटरले कावून हात लावला तिनं? ते मी कोणाले हात लावू देत नाही. तुले तरी देल्लं का कधी? ते घातलं का मले वाटते, हे घरात आहेत. आन् तिथं ते कोणीबी पोरगी घालून चालून राहिली, लोकं पाहून राहिले. तुह्या बाबाले रस्त्यावर नेऊन उभं केलं असं वाटलं मले."

मी हातातली गोळ्यांची पुडी तशीच धरून बसले. इतके दिवस मी तिची समजूत भलत्याच गोष्टीसाठी घालत होते. एका घरात, एका छपराखाली राहून मला हे कळलं नव्हतं.

मी लहानीला फोन करून ते सांगितलं. एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, ती न कळवता आली. रायपूरच्या विमानतळावरून टॅक्सी करून. फाटकात बॅग ठेवून उभी राहिली, तेव्हा आई भाताला आधण ठेवत होती.

"जेवली का?" आईने विचारलं. एवढंच.

जेवणं झाली. भांडी झाली. मला वाटलं आता दोघी आपापल्या खोलीत जातील. पण आई ओट्याला टेकून उभी राहिली आणि सरळ विचारलं, "मले इचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

लहानी खाली बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुझ्या पैठण्या मी घेऊ शकले असते. सगळ्यांना तेच हवं होतं, माझ्या मालकांनासुद्धा. जरी, मोर, सगळं. पण तू पैठणी नेसलीस की मला लहानपणी रडू यायचं. कारण तू कुठेतरी निघालेली असायचीस. परत येऊन गाऊन घातलास की मग तू माझी. मतलब, मी जगातलं सगळ्यात सुंदर काय पाहिलंय असं त्यांनी विचारलं, तर मला तेच आठवलं. मी काय करू?"

आईचा चेहरा हलला नाही. "गाऊन घे. साऱ्या गाऊनचे फोटो घे. मी त्या स्वेटरचं म्हणून राहिली."

आणि मग लहानी जे बोलली, ते मी आजवर विसरलेले नाही.

"ते माझेही बाबा होते ना, आई! मी पोचले तेव्हा त्यांच्या अस्थी शिवनाथ नदीत सोडून झाल्या होत्या. मला चेहरासुद्धा दिसला नाही. मला चारच दिवसांची रजा होती, मी परत गेले. वाटलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा त्यांचं कपाट उघडून बसेन. आले, तर कपाट रिकामं. शर्ट नाहीत, घड्याळ नाही, चष्मा नाही. तू सगळं वाटून टाकलंस. मला विचारलंस? एक फोन केलास? पूरे घर में उनका बस वो एक स्वेटर था, आणि ते तुझ्या अंगावर होतं. मी मागणार कसं? मग मी ते बघून बघून पाठ केलं आणि तिकडे जाऊन विणून घेतलं."

स्वयंपाकघरात पंखा फिरत होता. आईने ओट्याची कड घट्ट धरली होती. मी तिला एवढी हादरलेली त्या शोच्या दिवशीही पाहिली नव्हती. तेरावं झाल्यावर बाबांचे कपडे चरोद्याच्या एका गरजू घरी गेले, घड्याळ पुतण्याला दिलं. तशी रीतच आहे म्हणून सगळं झालं. लहानीला विचारायचं आईच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"कपाट उघडलं का मले रडू ये," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "त्याच्यानं देऊन टाकलं. तू मांगशीन असं मले वाटलंच नाही बाई. तू तिथं एवढी मोठी... तुले या जुन्या-पुराण्याचं काय, असं वाटलं."

ती आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. परत आली तेव्हा तिच्या हातात ते स्वेटर होतं. तिने ते लहानीच्या मांडीवर ठेवलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि लहानीने ते लोकरीचं स्वेटर दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरलं.

मग एकदम खाली केलं. तिचा चेहरा उतरला.

"याला बाबांचा वास नाही."

"कसा राहीन?" आई म्हणाली. "दोन साल झाले, मी घालून राहिली. आता माह्याच वास आहे त्याले."

लहानी रडायला लागली. लहान मुलासारखी, आवाज काढून. मी तिला इतक्या वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती, पाहुण्यासारखी सतरंजीच्या कडेला बसून होती. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, तरी बसली. आणि तिने सांगायला सुरुवात केली. बाबांचे शेवटचे दिवस, जे तिने फोनवर कधी सांगितले नव्हते. दवाखान्यात ते कुणाची वाट बघत होते, काय खायला मागत होते, नर्सला आपल्या मुलीचं कौतुक कसं सांगायचे आणि ती नर्स लहानीला फ्रान्सची डॉक्टर समजून कशी बसली होती. लहानी मधेच हसायची, मधेच रडायची. दुपार कलली, मी चहा केला, तरी त्या तिथेच फरशीवर बसून होत्या. संध्याकाळी आई उठली तेव्हा तिला दोघींनी धरून उठवावं लागलं.

स्वेटर आईने लहानीला दिलं नाही. लहानीने मागितलंही नाही. जाण्याच्या दिवशी तिने ते पुन्हा ट्रंकेत ठेवायला मदत केली, एवढंच. आणि आई? आईने त्या दिवशी परत गाऊन घातला. उकाडाच तेवढा होता.

लहानीची नोकरी जाईल असंच आम्ही धरून चाललो होतो. तसं झालं नाही. ज्या बायकांनी तक्रारी केल्या त्यांच्या मुलींनी म्हणे दुकानांत जाऊन तो सैल केलेला करडा कोट मागायला सुरुवात केली. मालकांचा सूर बदलला. पुढच्या वर्षी तर रायपूरच्या एका मॉलमध्ये आई आणि मी सरकत्या जिन्यावर असताना एक कॉलेजची मुलगी समोरून आली. पायघोळ फुलाफुलांचा गाऊन, वर सैल स्वेटर, मोज्यांवर चपला. आई जिना संपल्याचं विसरली आणि पडता पडता वाचली. "हिच्या घरी कोणी काही म्हणत नाही का?" तिने मला विचारलं. आम्ही दोघी तिथेच कठड्याला धरून हसत सुटलो.

त्या एप्रिलनंतर एक नवीन गोष्ट सुरू झाली. लहानी शोच्या आधी आपली चित्रं आईच्या फोनवर पाठवते. त्या घराण्याच्या मालकांनी पाहायच्या आधी ती भिलाई-३ च्या स्वयंपाकघरात येतात. आई चष्मा लावते, बोटांनी चित्र मोठं करते, आणि आवाज रेकॉर्ड करून उत्तर देते. कधी "हे चांगलं आहे." कधी नुसतं "हे नको." का नको, ते सांगत नाही, आणि लहानी विचारत नाही. काढून टाकते.

गेल्या महिन्यात मी ऑफिसातून आले. स्कूटी आत घेतली, तर आई दारातच फोन घेऊन उभी होती.

"हे पाह्य न."

चित्रात एक बाई होती. डोक्यापासून मानेपर्यंत स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल. दंडापर्यंत पांढरे हातमोजे. वरून पुरुषी शर्ट उलटा घातलेला, बटणं पाठीकडे, बाह्यांत हात. दुर्गच्या पुलावरून उन्हाधुळीत स्कूटीवर जाणारी आमच्याकडची कुठलीही बाई अशीच दिसते. पण या बाईच्या खांद्यावर डब्याची पिशवी तिरकी अडकवलेली होती आणि ती जराशी डावीकडे झुकून उभी होती. मी तशी उभी राहते, हे मला ते चित्र बघेपर्यंत माहीत नव्हतं.

मी अजून स्कार्फ सोडलेला नव्हता. हातमोजेही काढले नव्हते. वाटलं, ही मला इतकी कधीपासून बघत होती?

"मी तिले सांगतलं," आई म्हणाली, "मले इचारू नोको. हे मोठीचं आहे, मोठीले इचार. ती म्हणते, तूच इचार. मंग, चालन का तुले?"

माझं लग्न जमलं नाही, त्याबद्दल लोकांनी मला खूप विचारलं. नोकरी, पगार, आईचं दुखणं, सगळं विचारतात. माझ्याकडे नुसतं बघितल्याबद्दल चालेल का, असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी गॉगल काढला, डोळे पुसले. धूळ गेली होती, असं म्हणता आलं असतं.

"सांगते," मी म्हटलं.

आईने मान हलवली आणि फोनवर तोंड नेऊन रेकॉर्ड केलं, "ती म्हणते सांगतो. घाई नोको करू."

अजून सांगितलेलं नाही. लहानी थांबलीय.